वारशाने आलेली १९६८ ची फियाट: नवी करावी, आहे तशी जपावी, की देऊन टाकावी?

समईवात:
वडिलांच्या पश्चात वेंगुर्ल्याच्या घराबरोबर १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट आम्हा तिघा भावंडांकडे आली आहे. गाडीची पहिली नोंदणी मुंबईची, तीन अक्षरांच्या जुन्या क्रमांकाची. वडिलांनी ती नंतर दुसऱ्या मालकाकडून घेतली होती. बरीच वर्षे ती खळ्यालगतच्या मांगरात (खोपटात) उभी आहे. इंजीन जाम झाले आहे आणि पुढच्या सीटखालचा पत्रा इतका कुजला आहे की पायपुसणे उचलले की खालची जमीन दिसते. मात्र टपावरचा आणि डिकीच्या आतला मूळ फिकट निळा रंग आश्चर्य वाटावे इतका टिकून आहे. नोंदणीची मुदत केव्हाच संपली असून कागदपत्रे अजून वडिलांच्या नावावर आहेत.

थोरल्या भावाला गाडी कारखान्यातून नुकतीच बाहेर पडल्यासारखी करून हवी आहे. धाकट्याच्या मते ती आहे त्या स्थितीत विकावी आणि विषय मिटवावा. कोल्हापूरच्या एका गॅरेजने रंगासह सर्व कामाचा अंदाज साडेचार लाख रुपये सांगितला आहे. माझे मत ठरलेले नाही, म्हणून धागा काढला आहे. केवळ ‘आठवणींना मोल नसते’ असे प्रतिसाद कृपया देऊ नयेत. ते आम्ही घरात पुरेसे ऐकले आहे.

चौथा_गिअर:
माझे मत निःसंदिग्धपणे पूर्ण दुरुस्तीच्या बाजूने आहे आणि त्याचे कारण भावनिक नाही. फियाटच्या परवान्याने गाड्या बनवणाऱ्या प्रीमिअर कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून डिलाइट काढली. पुढे तिलाच प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी हे नाव मिळाले. बाहेरची जाळी, दिवे, डॅशबोर्ड बदलत गेले, परंतु १०८९ सीसीचे इंजीन, हँडलखालचा गिअर आणि चारही चाकांचे ड्रम ब्रेक हा मूळ सांगाडा जवळपास शेवटपर्यंत तोच राहिला. त्यामुळे १९६८ च्या गाडीला नव्वदच्या दशकातल्या पद्मिनीचे इंजिनाचे, क्लचचे आणि ब्रेकचे पुष्कळसे भाग बसतात. त्याच काळातली एखादी परदेशी बनावटीची गाडी वारशाने आली असती, तर पिस्टनसाठीही परदेशाकडे पाहावे लागले असते.

मात्र ही सोय कायमची नाही. फियाटच्या सुट्या भागांचा धंदा मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींनी जगवला. ताडदेवच्या आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांच्या मर्यादेमुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली. ज्या मालाला रोजचे गिऱ्हाईक उरले नाही तो दुकानदार किती काळ फळीवर ठेवील? शिवाय कार्बोरेटरचा आवाज ऐकून दोष सांगणारे मेस्त्री आता साठीच्या पुढे आहेत. करायचे असेल तर आता करा. दहा वर्षांनी पैसे असतील, पण हात नसतील.

हिशेबनीस:
वरच्या प्रतिसादातली माहिती बरोबर असली तरी तिच्यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. ‘नंतर करता येणार नाही, म्हणून आता करा’ हा युक्तिवाद कोणत्याही खर्चाच्या समर्थनार्थ वापरता येतो.

साडेचार लाखांचा आकडा गाडी उघडण्यापूर्वीचा आहे. या फियाटला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नसते. जमीन, दारांखालचे उंबरे आणि खांब हीच तिची चासी. सीटखालून जमीन दिसत असेल तर नुकसान केवळ पायाखालच्या पत्र्याचे आहे असे गृहीत धरणे धाडसाचे ठरेल. किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत गंज आतून, बंद पोकळ्यांत वाढतो, आणि तो किती आहे हे पत्रा कापल्यावरच कळते. त्या टप्प्यावर काम थांबवता येत नाही, कारण अर्धी कापलेली गाडी भंगारवालाही भाव पाडून घेतो.

बरे, सर्व उत्तम पार पडले असे समजू. फियाट ही हजारोंनी विकली गेलेली मध्यमवर्गाची गाडी होती. तिच्या दुरुस्तीवर घातलेला पैसा विक्रीतून परत येण्याची शक्यता कमी आहे. ज्याच्याकडे कोरडी जागा, अवजारे आणि आवड आहे अशा माणसाला ती आहे त्या स्थितीत द्यावी, आलेल्या रकमेचे तीन वाटे करावेत आणि धाकट्या भावालाही त्याचा हक्क मिळावा. वारशाची प्रत्येक वस्तू सांभाळणे हे वारसदाराचे कर्तव्य आहे, असे मला वाटत नाही.

लेथवाला:
दोन्ही प्रतिसाद एका गोष्टीवर नकळत एकमत आहेत: गाडी ठेवली तर ती ‘नवी’ करायची. वादाचा मुद्दा खरे तर इथेच आहे.

माझा व्यवसाय यंत्रकामाचा आहे आणि जुन्या गाड्यांची इंजिने माझ्याकडे येत असतात. ‘फुल रिस्टोरेशन’ या नावाखाली बहुतेक ठिकाणी काय होते ते सांगतो. गाडी घासून पत्र्यापर्यंत नेली जाते, ठोकाठोकीने उरलेले खड्डे लांबी (पुटी) भरून सपाट केले जातात आणि वर चकचकीत रंग चढतो. दोन पावसाळ्यांनंतर लांबीखाली पाणी शिरते आणि रंगाला फोड येतात. तुमच्या गाडीवर आधी असे काम झाले आहे का, ते तपासणे सोपे आहे: मऊ कापडात गुंडाळलेले लहान चुंबक दारांच्या खालच्या कडेवरून आणि चाकांवरच्या कमानींवरून फिरवा, जिथे ते धरत नाही तिथे पत्रा नसून लांबी आहे. उंबऱ्याच्या खालच्या बाजूस, जॅक लावण्याच्या जागेपाशी, स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबून पाहा. आवाज टणक आला तर चांगले. टोक आत गेले तर हिशेबनीस यांची भीती खरी आहे आणि आधी तेच काम करावे लागेल.

आता तुम्ही सहज लिहिलेल्या ओळीकडे येतो. टपावरचा आणि डिकीतला कारखान्याचा रंग टिकलेली १९६८ ची डिलाइट ही नव्याने रंगवलेल्या दहा डिलाइटपेक्षा मला अधिक मोलाची वाटते, कारण मूळ रंग एकदा घासला की जगातला कोणताही कारागीर तो परत आणू शकत नाही. ऐतिहासिक वाहनांची जागतिक संघटना ‘फिवा’ हिने २०१३ मध्ये पुढे आणलेल्या ट्युरिन सनदेतही आधी जतन आणि आवश्यक तेवढीच दुरुस्ती हाच क्रम सुचवला आहे. ट्युरिन हे फियाटचेच गाव, हा योगायोग मला आवडतो.

म्हणून माझा सल्ला: कुजलेला पत्रा कापून त्याच जाडीचा नवा पत्रा वेल्ड करा, कारण तो सुरक्षिततेचा प्रश्न आहे. पोकळ्यांत गंजरोधक तेल मारा. इंजिनाला स्टार्टर मुळीच मारू नका. चारही स्पार्क प्लग काढून भोकांतून पातळ तेल सोडा, काही दिवस मुरू द्या आणि मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने, हलक्या झटक्यांनी फिरते का ते पाहा. पुष्कळदा पिस्टनच्या रिंगा केवळ चिकटलेल्या असतात आणि बोअर करण्याची (सिलिंडर आतून कातण्याची) गरज पडत नाही. ब्रेकचे सर्व रबर, नळ्या आणि सिलिंडर बदला. पेट्रोलच्या नळ्याही बदला, कारण आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. जुने रबर त्याने मऊ पडते आणि इथेनॉल पाणी ओढत असल्याने उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. रंगाला हात लावू नका. सीटचे कव्हर फाटले असेल तर शिवून घ्या, बदलू नका. हा खर्च तुम्हाला सांगितलेल्या आकड्यापेक्षा बराच कमी असेल.

चौथा_गिअर:
लेथवाला यांच्या अनुभवाबद्दल आदर आहे. तरीही ‘रंगाला हात लावू नका’ हे परदेशी संग्राहकांचे तत्त्वज्ञान आहे. कोरड्या, तापमान नियंत्रित दालनात ते शोभते. वेंगुर्ल्याच्या मांगरात जिथे रंग उडाला आहे, तिथे तो भाग उघडा ठेवणे म्हणजे पुढच्या पावसाळ्याला निमंत्रण आहे. शिवाय गाडी मालकाच्या घरी राहणार आहे. शेजारच्याला ती पाहून ‘दुरुस्तीला पैसे पुरले नाहीत वाटते’ असे वाटणार असेल, तर थोरल्या भावाचे समाधान कसे होणार?

लेथवाला:
शेजाऱ्याच्या समाधानासाठी गाडी घासायची असेल तर माझ्याकडे उत्तर नाही. उघड्या पत्र्याचा मुद्दा मात्र रास्त आहे. नवा वेल्ड केलेला भाग आणि जिथे रंग पूर्ण गेला आहे तेवढाच भाग डिकीतल्या रंगाशी जुळवून रंगवावा. टप, बॉनेट आणि डिकी तशीच राहू द्यावी. रंगाचा जोड दिसेल. दिसू द्या.

दक्षिणायन:
सर्वजण १९६८ मध्येच का अडकले आहेत, हे समजत नाही. बाहेरून फियाट ठेवावी आणि आतून मारुतीचे इंजीन, खाली गिअर, पुढे डिस्क ब्रेक आणि एसी बसवावा. रोज वापरता येईल. आंबोलीचा घाट उतरताना ड्रम ब्रेक तापून पॅडल खाली जाते, तेव्हा मूळपणाचे कौतुक गळून पडते.

नोंदवही:
दक्षिणायन यांच्या सूचनेतील घाटाचा मुद्दा खरा आहे, पण कायद्याच्या बाजूने ती अडचणीची आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून वेगळा असा बदल मनमानीने करता येत नाही. आणि इंजीन बदलल्यास नोंदणी प्रमाणपत्रात तशी नोंद व्हावी लागते.

शिवाय २०२१ च्या नियमांमुळे या गाडीपुढे दुसरा दरवाजा उघडला आहे, तो अशा बदलाने बंद होईल. पहिल्या नोंदणीला पन्नासपेक्षा अधिक वर्षे झालेल्या आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेल्या खासगी गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. १९६८ ची गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे आणि पुढील नूतनीकरण ५,००० रुपये. आधीपासून नोंदणी असलेल्या गाडीला जुना क्रमांक राखण्याची सोय आहे. परंतु अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच मुभा आहे.

साधी नोंदणी ठेवायची असेल तर दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण. वीस वर्षांहून जुन्या मोटारीसाठी हे शुल्क २०२५ पासून १०,००० रुपये आहे. त्यावर राज्याचा पर्यावरण कर आणि मुदत उलटल्याबद्दलचे विलंब शुल्क वेगळे. विंटेजचा अर्ज करा किंवा साध्या नूतनीकरणाचा, आधी मालकी हस्तांतरण लागेलच: फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, वारसांचे पुरावे आणि इतर दोघा भावंडांचे संमतीपत्र. कायद्याने हा अर्ज मृत्यूपासून तीन महिन्यांत करायचा असतो. कोणाही गॅरेजला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी ओरोसच्या आरटीओ कार्यालयात हे काम सुरू करा. ज्या गाडीचा मालक कागदावर हयात नाही तिच्यावर लाखो रुपये घालू नयेत.

हिशेबनीस:
नोंदवही यांच्या प्रतिसादाने माझीच बाजू बळकट झाली, असे मी नम्रपणे नमूद करतो. ‘व्हिंटेज’ नोंदणी घेतली तर गाडी रोज चालवता येत नाही. साधी नोंदणी घेतली तर दर पाच वर्षांनी शुल्क आणि तपासणी. आणि संमतीपत्र देणाऱ्या धाकट्या भावाने आपला हिस्सा सोडावा, अशी अपेक्षा कोणी स्पष्ट शब्दांत का मांडत नाही? त्याच्या वाट्याची रक्कम ठेवून घेणाऱ्याने त्याला द्यायला हवी. किंमत ठरवताना दुरुस्त गाडीचा भाव धरू नये. आजच्या स्थितीतला भाव धरावा, तोही दोन वेगवेगळ्या जाणकारांकडून.

समईवात:
सर्वांचे आभार. रविवारी चुंबक फिरवले. दारांच्या खालच्या कडा लांबीच्या निघाल्या, म्हणजे पूर्वी कधीतरी काम झाले आहे. डाव्या उंबऱ्यात स्क्रूड्रायव्हर सहज आत गेला. उजवा टणक आहे. प्लगच्या भोकांतून तेल सोडले आहे.

थोरल्या भावाला हा धागा वाचायला दिला. जोड दिसेल असा रंग त्याला अजून पसंत नाही, परंतु टप घासू नये एवढे त्याने मान्य केले आहे. हिशेबनीस यांचा धाकट्याच्या हिश्श्याबद्दलचा मुद्दा मला पूर्ण पटला. गाडी मी माझ्या नावावर करून घेते आणि त्याचा वाटा देते, असे त्याला कळवले आहे. त्याचे उत्तर यायचे आहे. इंजीन हाताने फिरले नाही, तर माझे मतही विकण्याकडे झुकेल, हे प्रामाणिकपणे सांगते.

नोंदवही यांना एक प्रश्न आहे: पहिली नोंदणी मुंबईची असल्याने हस्तांतरणापूर्वी तिथून ना-हरकत आणावी लागेल का?

नोंदवही:
आरसी बुकाच्या मागच्या पानांवर सिंधुदुर्ग किंवा त्याआधीच्या रत्नागिरी कार्यालयाचा शिक्का आहे का, ते आधी पाहा. वडिलांनी गाडी घेतल्यावर पत्ता बदलून घेतला असेल तर मुंबईला जाण्याचे कारण नाही. शिक्का नसेल तर ना-हरकत लागेल, आणि मूळ पुस्तक हातचे सोडण्यापूर्वी त्याच्या प्रत्येक पानाची साक्षांकित प्रत करून ठेवा.