निवडक चिपवाल्यांशी टक्कर बरोबरीची कशी होणार?

प्रश्न : ओव्हरक्लॉकिंगच्या, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगाच्या वर पळवण्याच्या स्पर्धेत, एचडब्ल्यूबॉट या साइटवरच्या क्रमवारीच्या तक्त्यात एकच प्रोसेसर विकत घेऊन उतरणारा आणि वीस-तीस घेऊन, तपासून (म्हणजे चाळून) सर्वात चांगला ठेवणारा शेजारी शेजारी दिसतात. दोघांकडे थंड करायला द्रव नायट्रोजन, तरी फरक पडतोच. नियमांनी हे सुटेल?

उत्तर १ : चाळण्यावर बंदी घालून उपयोग नाही, तपासणार कोण? फ्रिक्वेन्सीला, म्हणजे प्रोसेसरच्या वेगाला, मर्यादा घाला. उदाहरणार्थ सुपरपाय ३२एम (पायचे आकडे काढायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी), कमाल ५ गीगाहर्ट्झ. मग मुख्य फरक पाडतात रॅमची टायमिंग (मेमरी किती लवकर प्रतिसाद देते त्याची सेटिंग) आणि विंडोजची छाटणी (नको ते प्रोग्राम काढून टाकणं). अर्थात रॅमचे कीटही चाळले जातात, पण तिथे मेहनतीला वाव जास्त.

उत्तर २ : सहमत, पण एक विसरू नका. नायट्रोजन -१९६ अंशांचा असला तरी प्रत्येक चिप तिथवर जात नाही. कोल्ड बग लागला, म्हणजे अति थंडीने चिप अडकली, की स्क्रीन गोठते, रीस्टार्टलाही दाद देत नाही. मग ओतणं थांबवायचं, टॉर्चने पॉट (चिपवर बसवलेलं नायट्रोजनचं भांडं) थोडा तापवायचा आणि चिप ज्या तापमानाला अडकली त्याच्या पाच-दहा अंश वर धरून ठेवायचं. हे तापमान चिपगणिक बदलतं, म्हणजे नशीब इथेही आलंच.

उत्तर ३ : कॉम्प्युटरचं वेळ मोजणारं घड्याळच खोटं असेल तर बाकी सगळं फुकट. २०१३ मध्ये विंडोज ८ चे स्कोर बाद झाले ते यामुळेच : चालू सिस्टिममध्ये बेस क्लॉक (ज्यावरून प्रोसेसरचा वेग ठरतो तो मूळ ठोका) उतरवला की वेळच हळू धावायची आणि स्कोर फुगायचा. मर्यादा असलेल्या फेरीत बेंचमेट या चाचण्या चालवणाऱ्या प्रोग्राममधूनच रन मागा, त्यात टायमरची तपासणी असते.

प्रश्नकर्ता : इंजिनिअरिंग सँपलचं, म्हणजे विक्रीआधी कंपनीने चाचणीसाठी दिलेल्या चिपचं, काय?

उत्तर १ : सरळ बंदी. दुकानात न मिळणाऱ्या चिपशी स्पर्धा कसली!