खाण्याच्या सोड्यात आम्ल मिसळल्यावर पेला गार का पडतो?

प्रश्न (धंतोली, नागपूर)

मुलीच्या प्रयोगासाठी आम्ही 100 मिलिलिटर पाण्यात 8 ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवले, पाणी पुन्हा खोलीच्या तापमानाला येऊ दिले आणि मग 10 ग्रॅम खाण्याचा सोडा थोडाथोडा घातला. फेस ओसरेपर्यंत पारा 31 अंशांवरून 24 वर उतरला. पेला बाहेरून माठासारखा गार लागत होता. उदासिनीकरणात, म्हणजे आम्लाची आम्लता घालवणाऱ्या क्रियेत, उष्णता बाहेर पडते, असे पुस्तकात आहे. शाळेत संगमरवराच्या चुऱ्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घातले, तेव्हा पारा अंशभर चढलाही होता. मग मुलीला काय सांगावे?

उत्तर 1 (रसायनशास्त्राची शिक्षिका, महाल)

दोन्ही निरीक्षणे बरोबर आहेत, आणि मुलीने ती नोंदवून ठेवली याचा मला फार आनंद वाटला. ही क्रिया एकच दिसते, पण तिच्यात घन पदार्थ विरघळतो, त्याचे आयन (विद्युतभारित कण) आम्लाशी संयोग पावतात आणि तयार झालेला कार्बन डायऑक्साइड पाण्यातून सुटून हवेत जातो. खाण्याचा सोडा एक मोल, म्हणजे 84 ग्रॅम, घेतला तर विरघळताना सुमारे 19 किलोज्यूल शोषले जातात. आम्लाशी संयोग होताना सुमारे 8 बाहेर पडतात, म्हणजे पुस्तकातला नियम इथे खराच आहे. परंतु वायू सुटताना आणखी 20 खर्च होतात. एकूण 31 किलोज्यूल पाण्यातूनच घेतले जातात. तुमच्या 10 ग्रॅमच्या हिशेबाने पारा जवळजवळ 9 अंश उतरायला हवा होता. पेल्यात बाहेरची उष्णता शिरल्यामुळे तो 7 अंशच उतरला.

संगमरवर उलट विरघळतानाच मोलमागे 13 किलोज्यूल देतो, आम्लाशी संयोग होताना 22 मिळतात, आणि वायूचे 20 वजा जाऊन 15 उरतात; म्हणून तिथे पारा चढला.

उत्तर 2 (हिंगणा रस्ता)

बाईंच्या उत्तराला एक जोड देतो. धुण्याच्या सोड्याचे पारदर्शक खडे घेतले, तर त्यांत प्रत्येक रेणूमागे पाण्याचे 10 रेणू असतात आणि आम्लात ते जोरदार गारवा आणतात. निर्जल भुकटी मात्र तेच आम्ल तापवते. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत उघडे ठेवलेले खडे पाणी गमावून पांढरे, भुसभुशीत होतात, आणि त्याच पुडीतला सोडा पूर्वी गार करत होता तो आता तापवू लागतो. म्हणून वहीत नुसते ‘सोडा’ न लिहिता तो खडा होता की भुकटी, हेही लिहायला सांगा; प्रयोग थर्माकोलच्या पेल्यात करा.