मोठ्या जनावराच्या शिकारीसाठी काडतूस आणि गोळी कशी निवडावी?

रानवाटसरू

नमस्कार. माझ्याकडे .३०-०६ स्प्रिंगफील्ड या काडतुसाची बोल्ट रायफल (दर बारानंतर खिट्टी हाताने ओढून पुढचे काडतूस भरायची) आहे. आजवर तिने मी फक्त हरणांचीच शिकार केली आहे आणि त्या कामाला १५० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप, एका पौंडात ७०००) साधी सॉफ्ट पॉइंट, म्हणजे टोकाशी शिसे उघडे असलेली, गोळी कधी कमी पडली नाही. येत्या हंगामासाठी मात्र मला मूसचा, म्हणजे उत्तरेकडच्या थंड प्रदेशातल्या प्रचंड हरणाचा, परवाना मिळाला आहे. पूर्ण वाढलेला नर चारशे-पाचशे किलोंच्या घरात जातो, त्याच्या फऱ्याचे हाड जाड असते, आणि गाठ दाट झाडीत पन्नास मीटरवर पडेल की मोकळ्या पट्ट्यात अडीचशे मीटरवर, हे आधी सांगता येत नाही. बरोबरच्या मंडळींचा .३०० विंचेस्टर मॅग्नम, म्हणजे जास्त दारूच्या काडतुसाची रायफल, घेण्याचा आग्रह आहे. पुढे कधीतरी केप बफेलोच्या (आफ्रिकेतल्या रानरेड्याच्या) शिकारीला जाण्याचाही विचार असल्यामुळे आताच .३७५ एच अँड एच (हॉलंड अँड हॉलंड) ही जाड गोळीची रायफल घेऊन दोन्ही कामे एकाच रायफलीवर भागवावीत का, हाही प्रश्न आहे. जनावर जखमी होऊन निसटू नये, ही माझी पहिली काळजी आहे. काडतूस, गोळीचे वजन आणि गोळीची बनावट यांपैकी कशाला किती महत्त्व द्यावे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

शरसंधान

आपली रायफल मूससाठी पुरेशी आहे. बदलायची असेल तर गोळी बदला.

छातीतील मोठ्या रक्तवाहिन्या आणि फुफ्फुसे फाटली, रक्तदाब कोसळला आणि मेंदूचा प्राणवायू तुटला की जनावर पडते. काडतुसाच्या खोक्यावर छापलेला ऊर्जेचा आकडा ती गोळी छातीत कुठवर पोहोचेल आणि तिथे पोहोचल्यावर काय करील, याविषयी काहीच सांगत नाही. सारख्याच ऊर्जेच्या दोन गोळ्यांपैकी एक फऱ्याच्या हाडावर फुटून तळहाताएवढी उथळ जखम करते, तर दुसरी तेच हाड फोडून, दोन्ही फुफ्फुसे भेदून पलीकडच्या कातडीखाली जाऊन थांबते. पहिल्या गोळीचे जनावर तीन पायांवर निघून जाते आणि रानात कुठेतरी सडून मरते. म्हणून निवडीची सुरुवात बनावटीपासून करावी, असे माझे ठाम मत आहे.

साध्या सॉफ्ट पॉइंट गोळीत शिशाचा गाभा तांब्याच्या मिश्रधातूच्या पातळ कवचात नुसता दाबून बसवलेला असतो. वेग मध्यम असेल आणि हाड आडवे आले नाही, तर ही गोळी छान उमलते, म्हणजे पुढून छत्रीसारखी पसरते. जवळच्या अंतरावर, वेग पूर्ण असताना जाड हाड लागले, तर कवच आणि गाभा एकमेकांपासून सुटतात आणि गोळीचे तुकडे होतात. जॉन नोस्लर या अमेरिकी शिकाऱ्याला १९४६ मध्ये मूसच्याच शिकारीत हा अनुभव आला होता. त्यांच्या हाती .३०० एच अँड एच होती, म्हणजे काडतुसाच्या ताकदीत कसलीच उणीव नव्हती. त्यानंतर त्यांनी गोळीच्या पोटात कवचाचीच एक आडवी भिंत ठेवली. पुढचा अर्धा भाग उमलतो, वेळप्रसंगी झडूनही जातो, परंतु भिंतीमागचा भाग शाबूत राहून आत शिरत राहतो. पार्टिशन नावाची ही गोळी आजही बाजारात मिळते. दुसरा मार्ग बॉन्डेड गोळीचा. तिच्यात गाभा कवचाला पक्का जोडलेला असतो. तिसरा मार्ग अखंड तांब्याच्या गोळीचा. तुमच्या कामाला या तिन्हींपैकी कोणतीही चालेल; हरणाची १५० ग्रेनची साधी गोळी मात्र मूसवर वापरू नका.

आता मॅग्नमविषयी. .३०-०६ आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम या दोन्हींत बसणारी गोळी एकच, .३०८ इंच व्यासाची. १८० ग्रेनची गोळी .३०-०६ मधून सुमारे २७०० फूट प्रति सेकंद वेगाने निघते आणि मॅग्नममधून सुमारे २९५० फुटांनी. शंभर-सव्वाशे मीटर अंतर कापल्यावर मॅग्नमची गोळी .३०-०६ च्या नळीच्या तोंडाशी असलेल्या वेगावर येते. म्हणजे जास्तीच्या दारूने आणि धक्क्याने आपण एवढे अंतर विकत घेतो. ज्याला साडेतीनशे मीटरवर मारावे लागते, त्याला त्याचा उपयोग आहे. तुमची मर्यादा अडीचशे मीटर आहे आणि तिथे .३०-०६ ची १८० ग्रेनची टोकदार गोळी अजून २२०० फुटांच्या आसपास असते. बहुतेक उमलणाऱ्या गोळ्यांना उमलण्यासाठी १८०० फूट तरी वेग लागतो, त्यामुळे तुमच्या हाती चांगली शिल्लक राहते. उलट पन्नास मीटरवर मॅग्नमचा वेग इतका असतो की गोळी आणखी चिवट घ्यावी लागते. वेग वाढवणाऱ्याने बनावटीवर खर्च टाळू नये, कारण जोखीम त्या जवळच्या अंतरावरच सर्वांत जास्त असते.

वजनाचा हिशोब सेक्शनल डेन्सिटीवरून करा. गोळीचे वजन पौंडांत घेऊन त्याला इंचांतील व्यासाच्या वर्गाने भागले की हा आकडा येतो. .३०८ व्यासाच्या १५० ग्रेनच्या गोळीचा आकडा .२२६ आहे, १८० ग्रेनचा .२७१ आणि २२० ग्रेनचा .३३१. बनावट सारखी असेल तर मोठ्या आकड्याची गोळी अधिक खोल जाते. स्कँडिनेव्हियात ६.५ × ५५ हे १८९४ चे बारीक काडतूस आजही मूसवर चालते, त्याचे कारण हेच. त्याच्या १४० ग्रेनच्या गोळीचा आकडा .२८७ आहे. स्वीडनचा कायदा मूससाठी दहा ग्रॅम किंवा त्याहून जड गोळीला शंभर मीटरवर २००० ज्यूल ऊर्जा पुरेशी मानतो, आणि तुमचे १८० ग्रेनचे काडतूस ती मर्यादा सहज ओलांडते.

खांदेकरी

शरसंधान यांच्याशी सहमत आहे. धक्क्याविषयी थोडे लिहितो, कारण या चर्चांमध्ये तो विषय मागे पडतो. सारख्याच वजनाच्या रायफलीत .३७५ चा धक्का .३०-०६ च्या जवळजवळ दुप्पट असतो. तो सोसता येतो की नाही, हे स्वतःला विचारून कळत नाही. माणूस नेहमी हो म्हणतो. मैदानावर सोबत्याला मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांच्या मध्येच एखादे रिकामे सरावी काडतूस, तुम्हाला न सांगता, भरायला सांगा. ते काडतूस आले की आवाज होत नाही, धक्का बसत नाही, आणि त्या शांततेत नळीचे टोक झटक्याने खाली जाताना स्पष्ट दिसते. डोळे मिटलेले असतात, खांदा पुढे रेटलेला असतो. तेवढ्या हालचालीने गोळी छातीऐवजी पोटात बसते, आणि पोटात बसलेली .३७५ ची गोळी फुफ्फुसांत बसलेल्या ६.५ च्या गोळीची बरोबरी करत नाही. नळी स्थिर राहत असेल त्याच काडतुसापर्यंत जावे.

सांबरशिंग

मी .३७५ च्या बाजूने लिहितो. १९१२ पासून हे काडतूस वापरात आहे. ३०० ग्रेनची गोळी ते सुमारे २५३० फूट वेगाने फेकते आणि तिचा मार्ग अडीचशे मीटरपर्यंत .३०-०६ च्या जड गोळीच्या मार्गापासून फारसा वेगळा नसतो. आफ्रिकेतील अनेक देशांत धोकादायक जनावरांसाठी कायद्यानेच .३७५ ही किमान मर्यादा ठरवलेली आहे. काही ठिकाणी ९.३ × ६२ या काडतुसालाही परवानगी असते. बफेलोला जायचे नक्की असेल, तर ही रायफल घ्यावीच लागणार. मग ती आत्ताच घेऊन मूसवर वापरली, तर बफेलोसमोर उभे राहण्याआधी बोल्ट, खटका आणि धक्का यांची सवय अंगवळणी पडलेली असेल. अनोळखी रायफल घेऊन बफेलोसमोर जाणे मला अधिक धोक्याचे वाटते. खांदेकरी यांचा मुद्दा रास्त आहे, पण धक्क्याची सवय हळूहळू करता येते: जरा वजनदार रायफल, हलकी काडतुसे, आणि एका बैठकीत थोडेच बार.

पाऊलखूण

एक शंका. करामोजो बेल या आफ्रिकेतल्या जुन्या हस्तिदंत-शिकाऱ्याने हजाराहून अधिक हत्ती मारले आणि त्यांपैकी बरेच ७ × ५७ माउझर या बारीक काडतुसाने मारले, असे सर्वत्र सांगितले जाते. असे असेल, तर बफेलोला .३७५ च हवी हा आग्रह कशासाठी?

शरसंधान

बेल यांचे उदाहरण बनावटीचे महत्त्वच दाखवते. ते १७३ ग्रेनची, पूर्ण कवचाची, न उमलणारी लांब गोळी वापरत. तिची सेक्शनल डेन्सिटी .३०६ येते, आणि .३७५ च्या ३०० ग्रेनच्या गोळीची .३०५. म्हणजे खोलीच्या बाबतीत ते बारीक काडतूस कमी नव्हतेच. कमी होती ती जखमेची रुंदी, आणि ती उणीव बेल यांनी हत्तीच्या कवटीचा बारकाईने अभ्यास करून, गोळी थेट मेंदूत घालून भरून काढली. मेंदूला लागली तर रुंदीचा प्रश्न उरत नाही. मात्र नेम चार बोटे चुकला, तर त्या गोळीत जनावराला थोपवण्याची काहीच ताकद नसते. झुडपातून अंगावर येणाऱ्या बफेलोसमोर तसा नेम साधेल, असे धरून चालणे मी कुणालाही सुचवणार नाही. कायद्याची मर्यादा या जोखमीसाठीच आहे. जखमी जनावराच्या मागावर वाटाड्यांनाही जावे लागते, म्हणून तिथे केवळ आपल्या हौसेचा विचार करून चालत नाही.

बफेलोवर पहिली गोळी चिवट, उमलणारी असावी आणि पुढच्या सॉलिड (न उमलणाऱ्या), अशी जुनी पद्धत आहे. सॉलिड गोळी पाठमोऱ्या जनावराच्या पुठ्ठ्यातून शिरून छातीपर्यंत पोहोचू शकते. गोल नाकाच्या सॉलिडपेक्षा सपाट नाकाची आत अधिक सरळ जाते. मात्र कळपातील बफेलोवर सॉलिड चालवण्याआधी मागे दुसरे जनावर उभे नाही ना, हे पाहावे. ती आरपार जाऊन त्यालाही जखमी करते.

सांबरशिंग यांच्या सल्ल्यात तथ्य आहे, पण बफेलोचा बेत अजून "कधीतरी" या टप्प्यावर आहे. परवाना समोर आहे तो मूसचा, आणि हाताला बसलेली रायफल घरात आहे.

ताम्रपट

तांब्याच्या गोळीविषयी चार गोष्टी लिहितो, कारण पुष्कळ जण ती शिशाच्या गोळीप्रमाणेच निवडतात. तांबे शिशापेक्षा हलके असते; घनता ८.९६ विरुद्ध ११.३४. त्यामुळे त्याच वजनाची तांब्याची गोळी अधिक लांब होते आणि तिला स्थिर ठेवायला नळीतील आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या सर्पिल खाचा) जास्त वळणाचे लागतात. .३०-०६ मध्ये सहसा दहा इंचांत एक वळण असते आणि ते पुरते. बारा इंचांत एक वळण असलेल्या .३०८ विंचेस्टर या दुसऱ्या काडतुसाच्या काही नळ्यांतून मात्र लांब गोळी डगमगत जाते. दुसरे म्हणजे तांब्याची गोळी वजन जवळजवळ अजिबात गमावत नाही, म्हणून तिच्यात एक पायरी खाली यावे: शिशाची १८० ग्रेन घेणार असाल, तर तांब्याची १६५ किंवा १६८ ग्रेन घ्या. तिसरे, ती उमलायला काही वेळा अधिक वेग मागते, म्हणून उत्पादकाने दिलेला किमान वेग वाचून आपल्या कमाल अंतराशी ताडून पाहावा.

शिसे टाळण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते मला फार महत्त्वाचे वाटते. शिशाची गोळी आत फुटली की तिचे बारीक कण जखमेपासून बरेच दूर मांसात पसरतात. एक्स-रेमध्ये ते दिसतात, सुरीखाली दिसत नाहीत. मागे टाकलेल्या आतड्यांतून तेच कण गिधाडांच्या पोटात जातात. कॅलिफोर्नियात कोंडोर गिधाडे यामुळे मरत होती, आणि १ जुलै २०१९ पासून तिथे सर्वच शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांना बंदी आहे. जिथे बंदी नाही, तिथेही मांस घरात खाल्ले जाणार असेल, तर तांब्याचीच गोळी घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

रानवाटसरू

सर्वांचे मनापासून आभार. .३०-०६ च ठेवतो आणि १६५ ग्रेनची तांब्याची गोळी घेतो. दोनच गोष्टी विचारतो. मूस तिरका उभा असेल, तर या गोळीच्या भरवशावर बार टाकावा का? आणि गोळी पलीकडून बाहेर पडणे चांगले की आतच थांबणे?

शरसंधान

मूस तिरका, पलीकडे तोंड करून उभा असेल, तर पलीकडच्या पुढच्या पायाच्या रेषेवर नेम धरा. गोळी शेवटच्या बरगड्यांजवळून शिरून छाती तिरकी भेदते आणि तांब्याची गोळी तेवढी खोली गाठते. तोंड तुमच्याकडे करून तिरका असेल, तर अलीकडच्या फऱ्यावरून जावे लागते. कोन फार तीव्र असेल, तर थांबावे. नव्या गोळीमुळे पूर्वी न घेतलेला बार घ्यावासा वाटू लागतो, तो मोह टाळा.

गोळी बाहेर पडलेली मला हवी असते, कारण दोन छिद्रांतून रक्त लवकर आणि अधिक सांडते. गवताच्या पात्यावर फिकट गुलाबी, फेसाळ रक्त दिसले की फुफ्फुसे लागली असे समजावे. गडद रक्तात हिरवट चारा मिसळलेला असेल, तर गोळी पोटात बसली आहे आणि लगेच पाठलाग करू नये. फुफ्फुसांत गोळी बसलेला मूस पुष्कळदा काहीच न झाल्यासारखा उभा राहतो. नेम चुकला असे समजू नका. बोल्ट ओढून, तो उभा आहे तोवर दुसरी गोळी घाला.

हंगामाआधी एकाच लॉटची पुरेशी काडतुसे घ्या आणि त्यांच्यावर दुर्बिणीचा नेम नव्याने जुळवा. १५० ग्रेनच्या गोळीवर बसवलेला नेम यांना लागू पडणार नाही. शंभर मीटरवर गोळी पाच सेंटिमीटर वर लागेल अशी बेतली, तर अडीचशे मीटरवर ती नेमापासून वीतभरही खाली जात नाही. तरीही अडीचशे मीटरवर प्रत्यक्ष मारून पाहा, तेही टेबलावरून नव्हे, तर रानात जसे बसाल तसे गुडघ्यावर बसून किंवा काठीच्या आधाराने. त्या बैठकीत सगळ्या गोळ्या थाळीएवढ्या वर्तुळात पडत नसतील, तर जिथे पडतात तेच तुमचे कमाल अंतर धरा.