ठसा नेमका कशाला म्हणायचं? (आणि मोनोटाइपचं काय?)

रेघोटी:
हाताने आणि प्रेसवर छापचित्रं कशी काढतात यावरचा एक लेख मराठीत आणतेय, पहिल्याच पानावर अडकले. कोरलेल्या लाकडी ब्लॉकला मी 'ठसा' लिहिलं आणि कागदावरच्या चित्राला 'छाप'. मैत्रीण म्हणाली चूक आहे, ठसा म्हणजे उमटतो तो, बोटांचे ठसे म्हणतोच की आपण. मग कापडछपाईचे लाकडी ठसे कुठे गेले? वुडकट (लाकूड कोरून छापणं), लिनोकट (लिनोलियम कोरून छापणं) इथपर्यंत कसंबसं निभावेल पण मोनोटाइपमध्ये प्लेट गुळगुळीत असते, कोरलेलं काही नसतंच, शाईने चित्र काढायचं, वर कागद ठेवून दाबायचं आणि एकच भरीव प्रत मिळते. त्या प्लेटला ठसा कसं म्हणू?

बोरू:
ठसा दोन्ही. शिक्का हातातलाही आणि कागदावर पडलेलाही, कुणाचं काही अडलं नाही. मोनोटाइपला 'एकमुद्राचित्र' म्हणा. एचिंगला अम्लरेखन आहे, लिथोग्राफीला शिळाछाप आहे, मग इथेच उसनवारी का?

जुनाखिळा:
मोनोटाइप म्हटलं की मला छापखाना आठवतो. आजोबा कंपोझिटर होते. मोनोटाइप यंत्र एकेक खिळा, म्हणजे छपाईचं धातूचं अक्षर, सुटा ओतायचं, लायनोटाइप अख्खी ओळ. त्यामुळे एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत हे लेखात सांगाच, नाहीतर छपाईतली माणसं गोंधळतील.

पाणकागद:
बोरूदादा, एकमुद्राचित्र म्हणणारं कुणी मला अजून भेटलेलं नाही, सगळे मोनोटाइपच म्हणतात. आणि त्यातलं 'एक' फसवं आहे. पहिली प्रत उचलल्यावर प्लेटवर थोडी शाई राहतेच, तिच्यावर दुसरा कागद दाबला की फिकट, धुक्यातून दिसावं तसं चित्र येतं, त्याला घोस्ट म्हणतात. कधीकधी मला तेच जास्त आवडतं. शिवाय मोनोप्रिंट वेगळं, तिथे प्लेटवर कोरलेलं काहीतरी कायमचं असतं आणि दर प्रतीला शाई वेगळी लावतात. दोन्हींना एकच शब्द दिलात तर फरकच बुडाला.

रेघोटी:
घोस्टला 'उरली छाप' कसं वाटतं?

बोरू:
छान आहे. 'भूत' नको, ते शब्दाला शब्द झालं. आणि मला वाटतं छाप आणि चाप एकाच घरचे, दोन्हीत दाब आहे.

जुनाखिळा:
हे ओढूनताणून आहे. तसं मग ठसा आणि ठोसाही भाऊ म्हणा.

पाणकागद:
घरचे असोत नसोत, दाबाचा मुद्दा खरा आहे. लिनोवर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासताना कागदाच्या मागून चित्र हळूहळू गडद होताना दिसतं, कुठे कमी लागलंय ते बोटांना कळतं, हवं तिथे मुद्दाम कमी दाबता येतं. प्रेसवर तसं नाही, ओलसर कागद, वर फेल्टचे जाड थर आणि रुळाखालून एकदाच सगळं जातं, पण प्लेटवर कोरलेल्या खोल रेघेतली शाई वर ओढायला तोच जोर लागतो. ड्रायपॉइंटमध्ये तर धातूच्या प्लेटवर थेट सुईने रेघ ओढली की कडेला धातूचा बारीक काठ उठतो, तो शाई धरतो म्हणून रेघ मखमली येते. दर फेरीला तो चेपत जातो, थोड्याच प्रतींत रेघ रोडावते. म्हणजे ठसा स्वतःच बदलतोय, आणि आपण तो एकच धरून बोलतोय.

रेघोटी:
हे वाचून मला वाटायला लागलंय की कोरलेलं असेल तर ठसा, नसेल तर नुसती प्लेट.

बोरू:
प्लेटला पत्रा म्हणा ना.

पाणकागद:
पत्रा? काचेवर किंवा ॲक्रिलिकवर काढलं तर?

जुनाखिळा:
छापखान्यात एक शब्द होता का कुणाला आठवतो, उलट्या अक्षरांसाठी? आजोबा ती सुलटी असल्यासारखी भराभर वाचायचे, मला अजून जमत नाही. ब्लॉक कोरतानाही चित्र उलटंच काढावं लागतं, मग तिथेही तो शब्द चालेल.