बोगनवेलीतली 'वेल' कुठून आली?

भाचीने शाळेच्या हस्तलिखितासाठी आमच्या फोंड्याच्या घरावर लेख लिहिला. त्यातल्या 'बोगनवेल' या शब्दावर लाल रेघ आली आणि वर 'बोगनविलिया' लिहिले गेले. "मामा, माझा शब्द चुकला का?" असे तिने विचारले. मुळीच चुकला नाही.

हे नाव लुई आंत्वान द बोगनव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीचे. १७६६ ते १७६९ या काळातल्या त्याच्या पृथ्वीप्रदक्षिणेत कोमेर्सों नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ सोबत होता. १७६७ मध्ये ब्राझीलमध्ये, रिओ द जानेरोला, हे झाड त्यांना मिळाले. फ्रेंचमध्ये 'व्हिल' म्हणजे शहर. मराठी कानाला त्यात वेल ऐकू आली. चिऱ्यांच्या गडग्यावरून लोंबणाऱ्या फांद्या समोर असताना दुसरे काय ऐकू येणार! मग शब्दाने लिंगही घेतले: ती बोगनवेल, त्या बोगनवेली. इतका रुजलेला शब्द उपटायचा कशाला?

कुणी म्हणेल, ही खरी वेल नव्हेच. तेही खरे. काकडी-कारल्यासारखे तणावे तिला नसतात. काटे अडकवत ती वर सरकते आणि आधार नसला तर झुडूप होऊन राहते. पण आपण वेल म्हणतो ते वाढीची ढब पाहून, आणि ती ढब तिच्यात आहे.

खरी गफलत 'पाकळी' या शब्दात होते. गुलाबी, भगवे, पांढरे जे दिसते ती पाने. तीन-तीन रंगीत पाने एकत्र येतात आणि प्रत्येकाच्या मधल्या शिरेला एक बारीक, फिकट नळी चिकटलेली असते. ती नळी म्हणजे फूल, आणि त्याला पाकळ्या नसतातच. तिच्याच कुळातल्या गुलबक्षीलाही नसतात. या रंगीत पानाला मराठीत 'छद' असा नेमका शब्द आहे. छद म्हणजे झाकणारे, आणि पानही. सातविणीला सप्तच्छद म्हणतात तो हाच. इतका सुंदर शब्द पाठ्यपुस्तकात कोंडून राहावा, याचे मला वाईट वाटते.

पाकळ्या नसल्या तरी फुले असतातच, म्हणून 'बोगनवेल फुलली' हे बिनदिक्कत लिहावे. आमच्याकडे पावसात ती नुसती हिरवी माजते. जमीन सुकू लागली की रंग धरते आणि शिगम्यात तर हिरवे पान दिसत नाही.

भाचीला एकच बदल सुचवला. 'अंगणात गुलाबी पाकळ्यांचा सडा पडतो' असे तिने लिहिले होते. तिथे आता 'गुलाबी छदांचा' आहे.