‘बीपीए-फ्री’ लिहिलंय म्हणून निर्धास्त राहायचं का?

मृण्मयी_क
भाचीच्या बारशाला आलेल्या सगळ्या बाटल्या-सिपरवर ‘बीपीए-फ्री’ छापलेलं. बीपीए म्हणजे बिस्फेनॉल-ए, कडक प्लास्टिक बनवायला लागणारं रसायन. ते शरीरात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखं वागतं, म्हणून युरोपने 2011 मध्ये बाळांच्या बाटल्यांत त्यावर बंदी घातली. पण अनेक वस्तूंत त्याच्या जागी आले बीपीएस आणि बीपीएफ, त्याच बिस्फेनॉल कुळातले! 2015 मध्ये कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाने झेब्राफिश या छोट्या माशाच्या गर्भांना अगदी थोडं बीपीएस दिलं, तर मेंदूच्या हायपोथॅलॅमस भागात चेतापेशी वेळेआधीच वाढल्या आणि पिल्लं अतिचंचल झाली. माझं स्पष्ट मत आहे, बंदी अख्ख्या कुळावर हवी.

विकास_मोल्डिंग
ताई, काळजी समजते, पण घाबरवू नका. दुधाच्या बहुतेक बाटल्या आता पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या असतात. बुडाशी त्रिकोणात 5 आकडा बघा. त्यात बिस्फेनॉल लागतच नाही. आणि मासा म्हणजे माणूस नव्हे. किती मात्रेला धोका, यावर तज्ज्ञांचंच एकमत नाही. 2023 मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने बीपीएची सुरक्षित मर्यादा 20,000 पट खाली आणली. जर्मनीच्या बीएफआर या सरकारी संस्थेला ते पटलं नाही, तिने सुचवलेली मर्यादा या नव्या मर्यादेच्या हजारपट आहे.

शुभदा
विकासदादा, हजारपट असली तरी जुन्या मर्यादेच्या वीसपट खालीच आली की! म्हणजे आधीची मर्यादा ढिली होती, हे दोघांनाही मान्य आहे.
मासा नको तर उंदीर घ्या. 1998 मध्ये अमेरिकेत पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेत ज्या उंदरांना काहीच दिलं नव्हतं, त्यांच्याच बीजांडांत गुणसूत्रांची गडबड दिसू लागली. शोध घेतला तर पिंजरे चुकून फरशीच्या जहाल साबणाने धुतलेले, आणि झिजलेल्या पॉलिकार्बोनेटमधून, म्हणजे बीपीएपासून बनणाऱ्या कडक प्लास्टिकमधून, बीपीए पाझरत होतं. त्यांनी पिंजरे बदलले, पॉलिसल्फोन या दुसऱ्या प्लास्टिकचे आणले. वीस वर्षांनी, 2018 मध्ये त्यांनीच प्रसिद्ध केलं की खराब झालेल्या त्या पिंजऱ्यांतून बीपीएस निघत होतं आणि उंदरांवर परिणाम तसाच. पर्याय म्हणून आणलेलंच अंगाशी आलं.

काउंटरवाली
बाटलीचंच का बोलताय? दुकानातल्या थर्मल पावतीवरही बऱ्याचदा बीपीएस असतं. आम्ही दिवसभर त्याच फाडतो, सॅनिटायझर लावलेल्या ओल्या हातांनी. गरोदर मुलीही काउंटरवर बसतात. आम्हाला कोणी विचारतं का?

विकास_मोल्डिंग
पावतीचं पटलं, तिथे बदल सोपा आहे. पण खाद्यपदार्थांच्या पत्र्याच्या डब्याचं आतलं बिस्फेनॉलवालं अस्तर एका रात्रीत काढता येत नाही. पत्रा गंजला की आतलं अन्न नासतं, तो धोका आजचा आहे. आणि प्रत्येक नव्या रसायनाची वर्षानुवर्षं चाचणी करायची तर भोसरीतल्या छोट्या कारखानदाराने पैसे आणायचे कुठून?

मृण्मयी_क
त्याने का आणायचे? तो प्लास्टिकचे तयार दाणे विकत घेतो, रसायन बनवत नाही. जी कंपनी नवं बिस्फेनॉल बाजारात आणते, तिनेच चाचणी करावी, तीही विकायच्या आधी. डब्यांना मुदत द्या, माझी हरकत नाही. युरोपने डिसेंबर 2024 च्या नियमात मुदतही दिली आणि बीपीएसोबत इतर घातक बिस्फेनॉलंही धरली. आपल्याकडे निदान बाळांच्या वस्तू आणि पावत्या यांपासून सुरुवात करायला काय अडचण आहे, ते सांगा.