कोल्मन्सकोप-ल्यूडरिट्झ (नामिबिया): वाळूत बुडालेलं हिऱ्यांचं गाव बघायचंय, आखणी कशी करावी?

मांडवीकर (रत्नागिरी)

नामिबियाचा बेत ठरतोय. चौघे आहोत, विंडहुकला उतरून गाडी भाड्याने घेणार, हातात सात दिवस. बघायचं ते असं: हिऱ्यांच्या खाणींचं ओस पडलेलं गाव कोल्मन्सकोप, ल्यूडरिट्झ बंदर, बोगनफेल्सची दगडी कमान. जमलं तर ट्वायफेलफोंटेनची कातळशिल्पंही. बारसू आणि देवाचे गोठणे पाहिल्यापासून ती यादीत आहेत.

फोर बाय फोर घ्यावीच लागते का? कोल्मन्सकोपला सकाळी जावं की संध्याकाळी? आणि कॅमेऱ्याची काळजी कशी घ्यायची? इथे खाऱ्या वाऱ्याची आणि बुरशीची सवय आहे, वाळवंटाची नाही.

सडा_आणि_समुद्र (देवगड)

सकाळी, आणि तेही लवकर. तिकडे सगळं वाऱ्याच्या मर्जीवर चालतं. सकाळी बऱ्याचदा हवा पडलेली असते, दुपारपासून दक्षिणेकडचा वारा चढतो आणि उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या हिवाळ्यात, तर तो उभं राहू देत नाही. साधं तिकीट दुपारी एकपर्यंतच चालतं. सकाळी माहिती देणारी फेरी असते, ती घ्याच. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत थांबायचं असेल तर छायाचित्रकारांसाठी वेगळा, महागडा परवाना मिळतो. चौघांपैकी एकालाच फोटोंचं वेड असेल तर बाकी तिघांसाठी तो काढू नका.

घरांत वाळू का भरते ते कळलं की कुठल्या खोलीत शिरायचं तेही कळतं. वाऱ्याकडच्या तोंडाच्या खिडक्या फुटल्या, दारं निखळली की वारा वाळू घेऊन आत शिरतो. खोलीत त्याचा जोर मोडतो आणि वाळू तिथेच खाली बसते. म्हणून एकाच घरात एक खोली खिडकीच्या कठड्यापर्यंत भरलेली आणि तिच्या मागची जवळजवळ रिकामी, असं दिसतं. भरलेल्या खोलीत आपण वाळूवरून चालत असल्यामुळे दाराची वरची चौकट छातीशी येते. वाकूनच जायचं, पाठीवरची पिशवी आधी पुढे सरकवा, नाहीतर चौकटीत अडकते. वरच्या मजल्यांवर जाऊ नका. लाकूड आतून सुकून पोकळ झालंय, फळी वरून धड दिसते आणि पाय आत जातो. पायात जाड तळाचे बूट हवेत, वाळूत खिळे असतात. वाळूत अंग पुरून बसणारे छोटे फुरसे-जातीचे सापही त्या वाळवंटात आहेत, तेव्हा हात कुठे टेकतोय ते बघा.

कॅमेरा: घरात असताना लेन्स बदलायची नाही. रुंद कोनाची एकच लावून आत जा. काचेवर कण दिसला तर आधी फुंकणीने उडवा, कापड नंतर. ती गारगोटीची वाळू आहे, पुसली की चरा उठलाच. तिपाईचे खालचे जोड उघडू नका, वरचे वापरा. वाळू गेली की पेच फिरत नाही. आणि ल्यूडरिट्झ कोरडं असलं तरी हवा कोरडी नाही. बेंगेला हा थंड प्रवाह किनाऱ्याला लागून वाहतो, त्यामुळे धुकं येतं पण ढग पाऊस देत नाहीत. वर्षाला २० मिलिमीटरसुद्धा पडत नाही. धुकं खारट असतं, तेव्हा रात्री ओल्या कापडाने कॅमेऱ्याचं अंग पुसून घ्या, इथे पुसता तसंच.

घाटरस्ता

गाडीपुरतं सांगतो. विंडहुक ते कीटमन्सहूप (बी१, पाचशे किलोमीटरच्या आसपास) आणि तिथून ल्यूडरिट्झ (बी४, सुमारे ३३५) अख्खा डांबरी रस्ता आहे. त्याच वाटेने परतणार असाल तर साधी सेडान पुरते. ऑसवरून (हे ल्यूडरिट्झच्या वाटेवरचं गाव) हेल्मेरिंगहाउझनमार्गे सेस्रीमच्या वाळूच्या लाल टेकड्यांकडे जायचं असेल तर खडीचा रस्ता लागतो. तिथे उंच गाडी, दोन स्टेपन्या, टायरमधली हवा थोडी कमी आणि वेग ८०च्या आत. गाड्या उलटतात त्या वळणावर खडीत जोरात ब्रेक मारल्याने.

गाडी ताब्यात घेण्याआधी विम्याचा कागद वाचा. वाळूने झालेलं नुकसान बहुतेक पॅकेजांत धरलेलं नसतं. ऑस ते ल्यूडरिट्झ या १२५ किलोमीटरमधला शेवटचा टप्पा वाऱ्याच्या वेळी रस्त्यावर वाळू आणून टाकतो. वाहत्या वाळूतून गाडी नेली की पुढची काच धुरकट होते आणि रंग सोलवटतो. दुपारनंतर वादळ दिसलं तर ऑसलाच मुक्काम करा. डांबरावर वाळूची आडवी रांग दिसली तर आधीच वेग कमी करा, वर चढल्यावर नको. इंधन कीटमन्सहूपला आणि ऑसला भरून घ्या. रात्री गाडी चालवायची नाही. कुडू (मोठं हरीण) आडवा आला तर काचेतून आत येतो. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालते, तेवढी सोय.

वाटेत दोन ठिकाणं चुकवू नका: कीटमन्सहूपजवळचं कोकरबूम (कोरफडीच्या जातीच्या) झाडांचं रान, आणि ऑसच्या पश्चिमेला गारुबच्या पाणवठ्यावरचे रानटी घोडे.

ट्वायफेलफोंटेन या खेपेला सोडा. ल्यूडरिट्झपासून हजार किलोमीटरच्या वर आहे, सात दिवसांत नुसती गाडीच चालवत बसाल.

तळेकर_काका

वरच्या दोघांनी काम सोपं केलंय. पण ल्यूडरिट्झला जाऊन फक्त कोल्मन्सकोपचे फोटो काढून आलात तर अर्धंच बघितलंत, असं माझं मत.

नामिबिया तेव्हा जर्मन वसाहत होती. १९०८ साली झकरियास लेवाला हा रेल्वेवरचा मजूर रुळांवरची वाळू उपसत होता, त्याला पहिला हिरा सापडला. त्याने तो वरच्या साहेबाला, ऑगस्ट श्टाउखला, नेऊन दिला. खाणींचे हक्क श्टाउखने घेतले, लेवालाच्या हाती काही आलं नाही. त्याच वर्षी जर्मन सरकारने ऑरेंज नदीपासून उत्तरेला किनाऱ्यालगतची सुमारे १०० किलोमीटर रुंद पट्टी बंद केली. तेच श्पेरगेबीट, म्हणजे मनाई मुलूख. कोल्मन्सकोप गावात इस्पितळ, नाचघर, बर्फाचा कारखाना, सगळं उभं राहिलं. पिण्याचं पाणी मात्र जहाजाने केपटाउनहून यायचं. जर्मन प्रौढ तीनशेच्या आसपास आणि कंत्राटी ओवाम्बो जमातीचे मजूर आठशे, हे प्रमाण ते नाचघर बघताना डोक्यात ठेवा. १९२८ मध्ये दक्षिणेला, नदीच्या मुखाकडे, जास्त मोठे हिरे मिळाले आणि इथली माणसं तिकडे सरकली. १९५६पर्यंत गाव रिकामं झालं.

तिकडे मोठे आणि इथे बारीक, याला कारण आहे. हिरे जन्मले खंडाच्या आत. ऑरेंज नदीने ते समुद्रात आणले, लाटांनी किनाऱ्याने उत्तरेकडे ढकलले आणि मग वाऱ्याने जमिनीवर आणले. खाडीच्या तोंडाशी जाड वाळू आणि पुळणीवर पुढे बारीक, तसंच.

ल्यूडरिट्झमध्ये गोर्के हाउस हा जुना बंगला (१९१०) आणि खडकावरचं फेल्सनकिर्खे हे चर्च (१९१२) पायी होतात. पण शार्क आयलंडला जाच. १९०५ ते १९०७ तिथे जर्मन सैन्याची हेरेरो आणि नामा लोकांसाठी छावणी होती, हजाराहून जास्त माणसं मेली. ऑसकडचा लोहमार्ग याच कैद्यांकडून बांधून घेतला. हा वंशसंहार होता हे जर्मनीने २०२१ मध्ये मान्य केलं. आता तिथे तंबूंची जागा आहे, लोक मजेत राहतात. कुणी काय करावं हे मी सांगणार नाही, पण मुक्कामाला गावात दुसऱ्या जागा आहेत.

मांडवीकर (रत्नागिरी)

सगळ्यांचे आभार. ट्वायफेलफोंटेन रद्द. बोगनफेल्सचं कुणी सांगेल का? आणि फुलांचा हंगाम कधी?

सडा_आणि_समुद्र (देवगड)

बोगनफेल्स मनाई मुलखात येतं, स्वतःची गाडी नेता येत नाही. परवाना असलेल्या स्थानिक वाहतूकदाराबरोबर दिवसभराची सहल असते, वाटेत पोमोनाचं ओसाड गाव. कमान ५५ मीटर उंच. पासपोर्टच्या प्रती बऱ्याच आधी मागतात, तेव्हा तिकिटं काढल्याबरोबर त्यांना लिहा. तिथे पोचून विचाराल तर मिळणार नाही.

त्या भागात पाऊस पडतो तो त्यांच्या हिवाळ्यात, म्हणून फुलं ऑगस्ट-सप्टेंबरला, तीही पाऊस झाला असेल तरच. नेमके गणपतीचे दिवस, तेव्हा तुमचं काय ते घरात विचारा.

घाटरस्ता

राहिलेलं: तिकडे खाली पडलेला दगड, कितीही साधा दिसला तरी, खिशात टाकू नका. कच्चा हिरा जवळ बाळगणं तिथे गुन्हा आहे, आणि ‘मला माहीत नव्हतं’ ऐकून घेत नाहीत. रस्त्यात कुणी ‘स्वस्तात खडा’ दाखवला तर थांबूही नका. इथिओपियामार्गे जाताना मधला थांबा १२ तासांच्या वर गेला तर पीतज्वराच्या लशीचा दाखला मागतात. लस निदान दहा दिवस आधी झालेली हवी, तेव्हा विमान निवडतानाच थांबा किती तासांचा ते बघून घ्या.